बायाक्काची टाळी

या, असे जवळ सरकून बसा. माझा आवाज आता मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही, आणि ही गोष्ट लांबून ऐकण्यासारखीही नाही. एक आख्यान सांगते. त्यात रामराया आहे, पण थोडाच. एक लांडगा आहे, बर्फाच्या मुलखातले देव आहेत आणि पेरू विकणारी एक बाई आहे. हसू आलं तर खुशाल हसा. मीही हसले होते, पोट धरून हसले होते. त्या हसण्याचंच सांगायचं आहे.

"द्वारके! अगं ए द्वारके, इकडं! कुठं बघतीयास?"

रामनवमीच्या आदल्या दिवशीची दुपार. विट्याच्या पेठेतलं राममंदिर माणसांनी भरलेलं. बायकांच्या बाजूला खांबाजवळ बायाक्का बसली होती आणि माझ्यासाठी धरलेल्या जागेवर तिने आपला एक पाय लांब पसरून ठेवला होता.

"किती येळ? माझ्या गुडघ्यावर बायका बसाय लागल्या की गं!"

"येतेय हो आक्का. हळू बोला, बुवा आलेत."

"येऊ देत. बुवा काय मला भ्यायला लावतोय?"

मी तिच्या डावीकडे खांबाच्या आडोशाला बसले. ती नेहमी माझ्या उजव्या अंगाला बसायची, ऐसपैस, दोन माणसांची जागा घेऊन. उत्सव कुठलाही असो, कीर्तन कुणाचंही असो, बायाक्का आधी येऊन माझी जागा धरायची. का, ते मला कधी कळलं नाही. आमचं नातं नाही, गल्ली एक नाही. कीर्तनातलं तिला काडीचं कळायचं नाही. पूर्वरंगात तर ती चक्क घोरायची. आमच्या देवळात उत्सवभर रोज कीर्तनानंतर सुंठवडा वाटायचे, त्यावरून स्वतःच म्हणायची, "मी आपली सुंठवड्यासाठी येते बाई." ते ऐकून मला मनातून थोडी किळस यायची, खोटं कशाला बोलू? मी कीर्तनावर जीव टाकणारी. नारदाच्या गादीसमोर बसलं की मला माहेरी आल्यासारखं वाटायचं. आणि माझ्या शेजारी कोण, तर सुंठवड्याची गिऱ्हाईक.

मी दोन्ही खांद्यांवरून पदर घेते, हे तुम्ही पाहिलंच असेल. लोक म्हणायचे, द्वारकाबाई फार मर्यादेची बाई. मर्यादा कसली! माझा उजवा हात मनगटापाशी संपतो. स्टँडसमोर आमची रसवंती होती. चरकाला घुंगरू बांधलेले, ते वाजले की गिऱ्हाईक वळायचं. उसाचं कांडं चरकातून एकदा काढायचं, पुन्हा काढायचं, मग त्याची घडी घालायची, घडीत लिंबू नि आलं ठेवायचं आणि बोटांनी आत सरकवायचं. रसाला खरी चव त्या शेवटच्या फेऱ्यात येते. एके दिवशी आमचे मालक बर्फ आणायला गेले होते, चरकावर मी होते. आल्याचा तुकडा निसटायला लागला म्हणून बोटं जरा पुढं गेली. संपलं.

हात गेला त्याचं दुःख झालंच. पण दुःखाशी माणूस संसार करू शकतो. लाज तशी नाही. ती पाहुण्यासारखी येते आणि घरच्यासारखी राहते. मी हळदीकुंकवाला जाणं सोडलं. देवाचं तीर्थ डाव्या हातावर घ्यायचं जिवावर यायचं, म्हणून आरतीच्या आधीच मी देवळातून निघायची. बुवा टाळी मागायचे तेव्हा सगळं देऊळ वाजायचं, आणि मी पदराखाली डाव्या हाताने मांडीवर ताल धरायची. आवाज व्हायचा नाही. देवाला ऐकू जात असेल, असं धरून चालले होते. तेवढं एक कीर्तन मला उरलं होतं. तेही गेलं असतं तर मी कुठं जाऊन बसले असते, कोण जाणे.

त्या दिवशी दिगंबरबुवा भाळवणकर उभे होते. वयानं साठीच्या पुढचे, अंगरखा लोंबता, आवाज मात्र तापलेल्या तुपासारखा. त्यांची लेक नॉर्वेत असते. थंडीचे दिवस ते तिच्याकडे काढून आले होते. पूर्वरंगात त्यांनी दिलेला शब्द पाळण्यावर निरूपण केलं. मध्यंतरात हार झाले, बुक्का झाला. आता उत्तररंगाला हरिश्चंद्र येणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. बायकांनी डोळ्यांना लावायला पदरही तयार ठेवले होते.

बुवा म्हणाले, "श्रोते हो, हरिश्चंद्राला आज विश्रांती. फार रडवतो आपण त्याला. आज मी तुम्हाला उत्तरेकडच्या देवांचं आख्यान सांगणार आहे. उत्तरेला म्हणजे काशीला नव्हे. त्याच्याही पुढं, जिथं दोरीवर वाळत घातलेलं धोतर काठीसारखं ताठ उभं राहतं आणि दुपारच्या चहालाच अंधार पडतो. तिथं माझ्या नातीला मी झोपवायला जायचो, तर ती मला तिच्या पुस्तकातल्या गोष्टी सांगायची. मी झोपायचो, ती जागी."

विश्वस्त अण्णा शेटे पुढंच बसले होते. ते खाकरले. "बुवा, रामनवमीच्या उत्सवात परके देव?"

"अण्णा, परके कुठले? पाहुणे आहेत. एवढ्या लांबून आलेत, गारठलेत बिचारे. रामरायाच्या दारी आलेल्या पाहुण्याला बाहेर उभं करायचं का?"

अण्णांनी टोपी सारखी केली. देऊळ हसलं. बायाक्का जागी झाली.

"काय म्हणाला गं?"

"पाहुणे देव आलेत म्हणे."

"जेवायला हायत का?"

बुवांनी पेटीवाल्याला सूर द्यायला सांगितला आणि सुरुवात केली.

"तर त्यांच्या गावाचं नाव आस्गार्ड. आस्गार्ड सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित. चेअरमन ओडिन. त्यांना डोळा एकच. दुसरा त्यांनी एका विहिरीला दिला आणि बदल्यात शहाणपण घेतलं. अहो, व्यवहार चांगला झाला! आपल्याकडचे क्लासवाले दोन्ही डोळे घेतात आणि शहाणपण पुढच्या वर्षी देतो म्हणतात. त्यांचे चिरंजीव थॉर. अंगानं आपला भीमच. हातात हातोडा. नळ गळतोय? हातोडा. जावई रुसलाय? हातोडा. आणि तिसरे लोकी. कळ लावण्यात नारदमुनींचे धाकटे भाऊ, पण नारदाच्या मुखात नाम आहे, याच्या मुखात नुसती जीभ. या लोकीला एक लांडग्याचं पिल्लू झालं. कसं झालं ते विचारू नका, मीही नातीला विचारलं नाही. पिल्लाचं नाव फेनरीर."

मग बुवांनी चिपळ्या धरल्या आणि स्वतः रचलेली साकी म्हटली:

"पिल्लू होते तोवर सारे गाल ओढुनी हसले,
दात दिसू लागता देव ते दार लावुनी बसले!"

देऊळ खदखदलं. मीही. बुवांनी सोसायटीची मीटिंग अशी काही उभी केली की सांगता सोय नाही. लांडगा पार्किंगमध्ये मावेना. जिन्यात शेपूट आडवी पडलेली. "याला बांधा" असा ठराव एकमतानं पास, पण बांधायचं कुणी यावर एकमत होईना. त्याच्याजवळ जाणारा एकच, टीर नावाचा देव. पिल्लू असल्यापासून रोज तोच त्याला भरवायचा. बाकीचे गॅलरीतून कौतुक करायचे.

"पहिला साखळदंड आणला. फेनरीरनं जांभई दिली, तुटला! दुसरा आणला. अंगावरची माशी झटकली, तुटला! मग ओडिन गेले पाताळातल्या बुटक्या कारागिरांकडं. त्यांनी एक फीत विणली, रेशमासारखी मऊ, वेणीला बांधावी अशी. पण ती तुटणार नाही. का? तिच्यात काय काय घातलं ऐका. मांजराच्या पावलांचा आवाज! म्हणून बघा, मांजर चालतं तेव्हा आवाज येत नाही. होता तेवढा संपला. माशाचा श्वास. डोंगराची मुळं. आणि बायकांची दाढी! तेव्हापासून, माउली, तुम्हा बायकांना दाढी नाही. सगळी त्या फितीत गेली."

बायाक्कानं हनुवटी चाचपली आणि अख्ख्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझं दोन केस न्ह्यायचं ऱ्हायलं की रं तुझ्या कारागिरांचं!"

काय सांगू तुम्हाला! बायकांची बाजू आडवी झाली. तबलजीनं तबल्यावर डोकं टेकलं. मला श्वास घेता येईना. हात गेल्यापासून मी अशी हसले नव्हते. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ, आणि अंग कसं हलकं झालेलं. आपण कोण, कुठं बसलोय, काय झाकून बसलोय, सगळं विसरले.

बुवांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं.

"फीत आणली. पण लांडगा काही वेडा नव्हता. म्हणाला, एवढी नाजूक फीत आणि एवढं गोड बोलणं, काहीतरी काळंबेरं आहे. मी बांधून घेतो, पण तुमच्या मनात कपट नाही याला जामीन म्हणून एकानं आपला उजवा हात माझ्या तोंडात ठेवा. झालं! मीटिंगमध्ये सेक्रेटरी कोण होणार विचारल्यावर जशी होते तशी शांतता. ओडिन म्हणाले, मी डोळा दिलाय, माझा कोटा संपला. थॉर हातोड्याचा दांडा तपासायला लागला. लोकीला नेमका फोन आला."

पुन्हा हसू. मग बुवांचा आवाज उतरला.

"टीर पुढं आला. कपट आहे हे त्याला ठाऊक होतं. गाव वाचायचं तर लांडगा बांधला पाहिजे, हेही ठाऊक होतं. ज्या हातानं त्या पिल्लाला घास भरवले, तोच हात त्यानं त्याच्या दातांमध्ये ठेवला. अण्णा, असा एक माणूस आपल्या गावात असता तर? अशा माणसासाठी एकदा टाळी, श्रोते हो! हात वर करून!"

सगळे हात वर गेले. आणि माझेही.

पदर खाली पडला. डावा तळवा मी जोरात आणला आणि तो रिकाम्या हवेतून गेला. समोर माझं मनगट उभं, उघडं, शेवटाशी गाठोड्यासारखं शिवलेलं. मी त्याच्याकडं बघत राहिले. खाली घ्यायचं सुचेना.

आणि नेमक्या त्याच क्षणी बुवा पुढं गेले. त्यांना काय ठाऊक!

"लांडगा बांधला गेला! ओढतोय, झटकतोय, फीत तुटेना. सगळे देव हसायला लागले. टाळ्या देऊन हसले. सगळे हसले, एक सोडून. कारण टीरचा हात..." असं म्हणून बुवांनी आपला उजवा हात अंगरख्याच्या बाहीत आत ओढून घेतला आणि रिकामी बाही पताकेसारखी हलवली. "टीर म्हणतोय, अहो हसताय काय, माझा जेवायचा हात गेला!"

देऊळ हसलं. पण माझ्या बाजूच्या बायका नाही हसल्या. त्यांनी मला पाहिलं होतं. आधी त्या गप्प झाल्या, मग त्यांच्या मागच्या, मग खांबापलीकडचे पुरुष वळून बघायला लागले. पाण्यात खडा पडावा तशी ती शांतता माझ्यापासून पसरत गेली. बुवांना वाटलं, प्रसंग पडला. कीर्तनकार काय करणार? त्यांनी बाही आणखी जोरात हलवली. आणखी एकदा. मग त्यांची नजर सगळ्यांच्या नजरांमागून माझ्यापर्यंत आली.

बाही थांबली. बुवांचा हात आतच राहिला. मला आजही ते दिसतं. माझ्यासमोर तो धडधाकट हात बाहेर काढायचीसुद्धा त्यांना लाज वाटत होती.

मी पदर ओढला आणि उठले. मनात एवढंच होतं की आता इथं पुन्हा यायचं नाही. हे दार आजपासून बंद.

पदर कुणीतरी घट्ट धरला होता.

"बस," बायाक्का म्हणाली.

"सोडा, आक्का."

"बस म्हणते न्हवं! गोष्ट अर्धी हाय."

"मला नाही ऐकायची."

"मला ऐकायची हाय." तिनं मला खाली ओढलं, इतक्या जोरात की मी बसलेच. मग ती गुडघ्यांवर हात रोवून स्वतः उभी राहिली. "बुवा, मी अडाणी बाई. एक इचारू?"

बुवा म्हणाले, "विचारा, आई."

"ते देव कशापायी हसले?"

"लांडगा बांधला गेला म्हणून. गाव वाचलं म्हणून. त्या टीरच्या हाताकडं त्यांचं लक्षच नव्हतं."

"मागनं गेलं का लक्ष?"

"पुस्तकात तसं काही नाही, आई. ते हसले, एवढंच आहे."

"मग म्होरलं मी सांगते," बायाक्का म्हणाली. "गेलं लक्ष. लगीच गेलं. आन् जलमभर गेलं."

अण्णा शेटे म्हणाले, "बायाक्का, कीर्तन चालू आहे, खाली बसा."

"बसते रं. सुंठवड्यासाठी येते म्हणून हसतोस न्हवं मला? ऐक जरा." ती माझ्याकडं बघत नव्हती. समोर रामाकडं बघत होती. "मी स्टँडच्या गेटात पेरूची पाटी घेऊन बसायची. समोर हिची रसवंती. ही चरकावर अभंग म्हणायची. काय गळा हुता! घुंगरांच्या तालावर म्हणायची. रस संपला तरी गिऱ्हाईक गिलास घेऊन हुबं ऱ्हायचं. त्या दिशी म्हणता म्हणता ही एकदम वर गेली. लई वर. आमाला वाटलं, तान घेतली. आन् मीच म्हणाले..."

मी डोळे मिटले. पुढचं वाक्य मला पाठ होतं.

"मी म्हणाले, 'आज द्वारकी लईच वर गेली!' आन् हसले. मी हसले म्हणून समदं स्टँड हसलं. कंडक्टर हसले, पोरं हसली. एकानं तर टाळी वाजवली. मग रस लाल झालेला दिसला."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या मालकांनाही नाही. हात चरकात असताना माझ्या कानांवर हसणं पडलं होतं आणि ते एक वाक्य. मान वर करून कोण हसतंय हे बघण्याइतका वेळ तेव्हा कुठला? त्या हसण्याला चेहरा नव्हता, म्हणून नंतर रस्त्यात भेटणारा प्रत्येक चेहरा मला त्याचाच वाटायचा. हात पदराखाली झाकता येत होता. हे कशाखाली झाकणार? त्या दिवसानंतर मी एकदाही गायले नव्हते. माझं ओरडणं आणि माझं गाणं लोकांना सारखंच वाटलं होतं, मग गायचं तरी कसं?

आणि ते वाक्य माझ्या शेजारी बसत होतं. इतकी वर्षं.

"आक्का," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुठल्या तोंडानं बोलू?" ती खाली बसली. धपकन बसली, तिचे गुडघे वाजले. "तोंड न्हवतं, म्हणून जागा धरत हुते."

मग मला एकेक दिसायला लागलं. ती माझ्या उजव्या अंगालाच का बसायची. दोन माणसांएवढी का पसरायची. खांब एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला, मधे माझा हात. आरतीच्या आधी मी पळाले की संध्याकाळी दारात उभी राहायची, पळसाच्या पानात सुंठवडा घेऊन. "घे, तुझा ऱ्हायला हुता." मी दारातूनच घ्यायची. एकदाही तिला आत या म्हणाले नव्हते. चोंबडी बाई, घर बघायला येते, असं वाटायचं मला. मी मान खाली घातली. इतका वेळ हाताची लाज वाटत होती, आता त्या दाराची वाटायला लागली.

बुवांनी तोवर हात बाहीतून बाहेर काढला होता. ते गादी सोडून खाली आले, आमच्यासमोर जाजमावर बसले. एवढा मोठा कीर्तनकार, पण शाळेत पट्टी खाल्लेल्या पोरासारखा दिसत होता.

"मावशी, चुकलो मी. पुस्तकात देव हसले, म्हणून मी लोकांना हसवलं. त्यानं काय दिलं ते सांगायचं सोडून बाही हलवत बसलो."

"नाही हो बुवा. आख्यान चांगलं होतं. मी किती दिवसांनी हसले." मला खरंच दुसरं काही सुचेना. मग जे मनात होतं तेच विचारलं. "बुवा, तो टीर पुढं कीर्तनाला जात असेल का हो? तिकडं असतं का काही तसं? टाळी कशी वाजवत असेल तो?"

बुवांनी अंगरख्याची बाही सारखी केली. मग म्हणाले, "नातीला विचारून सांगतो, मावशी."

"पोरीला कशापायी तरास?" बायाक्का म्हणाली. पेरूच्या पाट्या उचलून उचलून दगडासारखा झालेला आपला उजवा तळवा तिनं माझ्यासमोर उभा धरला. "अशी. घे, मार हितं. जोरात मार. मला लागू दे."

मी डावा हात पदराबाहेर काढला. पण उचलवेना. सगळं देऊळ बघत होतं. बायाक्काच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिथं माझ्याइतकीच लाज होती. माझ्याहून जुनी वाटावी इतकी.

मी म्हणाले, "आक्का, आज फार वर जाणार नाही मी. खालच्या पट्टीत म्हणते."

तिनं तोंडाला पदर लावला. पदराआडून म्हणाली, "वरच जा गं बाई. कितीबी वर जा. मी हितंच हाय."

बुवा उठले नाहीत. तिथंच, खाली बसूनच त्यांनी रामनामाचा गजर सुरू केला. मी तिच्या तळव्यावर हात मारला. आवाज झाला. फार मोठा नाही, पण माझा होता. मी तोंड उघडलं. गळा गंजलेला, सूर इकडचा तिकडं. तरी म्हणत राहिले. बायाक्काला तालाचं ज्ञान शून्य. ती तळवा पुढं करायची तेव्हा सम निघून गेलेली असायची. मी तिच्यासाठी थांबायची, ती माझ्यासाठी थांबायची, आणि तबलजी बिचारा आमच्या मागून फरफटत यायचा. हसलं मात्र कुणीच नाही. त्या दिवशी हसले असते तरी चाललं असतं, असं मला आता वाटतं.

आरतीला मी थांबले. अण्णा शेट्यांनी तीर्थाची पळी पुढं केली. मी डावा हात पुढं केला, त्यांनी बायाक्काकडं बघितलं. बायाक्का गुरगुरली, "बघतोस काय? घाल." त्यांनी घातलं. सुंठवडा तिनं माझ्या पदरात ओतला, स्वतःचा वाटासुद्धा, आणि म्हणाली, "मला न्हाई आवडत गं सुंठवडा. उष्ण पडतो."

त्यानंतर ती असेपर्यंत आम्ही एकही कीर्तन चुकवलं नाही. जागा आता मी धरायची. ती माझ्या घरी आत येऊन, ओट्याला टेकून चहा प्यायची आणि माझ्या चहाला नावं ठेवायची. त्या दिवसाविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मला ते पुरेसं वाटतं का? नाही वाटत. मी तिला कधी म्हणायला हवं होतं की आक्का, आता पुरे, फिटलं सगळं. ती उजवीकडं बसत राहिली, अगदी शेवटच्या उत्सवातही, धाप लागत होती तरी आपला हात पुढं करत राहिली, आणि मी त्यावर टाळी वाजवत राहिले. फिटलं, हे म्हणायचं मात्र राहून गेलं. आता खांबाशेजारी मी एकटीच असते. उजव्या अंगाला दोन माणसांची जागा मोकळी सोडते. लोक नाराज होतात, होऊ देत.

तर माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही कीर्तनाला जाल, बुवा टाळी मागतील, सगळं देऊळ एका तालात वाजायला लागेल. अशा वेळी कुठूनतरी एखादी टाळी उशिरा पडेल, समेच्या मागून, एकटीच. तिकडं रागानं वळून बघू नका. त्या टाळीपाशी माझ्या बायाक्काची आठवण काढा.